तालुका क्रीडा संकुल समितीला खुलं पत्र: अण्णांचं नाव द्या, पण त्यांचं काम आता कोण करणार तेही ठरवा

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
तालुका क्रीडा संकुल समिती

सप्रेम नमस्कार,

संकुलाच्या मागच्या मैदानावर आम्हाला खो-खो शिकवणाऱ्या अण्णांच्या शोकसभेत तुम्ही जाहीर केलंत की संकुलाच्या मेन गेटला त्यांचं नाव द्यायचं आणि दरवर्षी त्यांच्या नावाने राज्यस्तरीय निमंत्रित खो-खो स्पर्धा भरवायची, लाइट लावून, मॅट टाकून, रोख बक्षिसं ठेवून. ऐकून खरंच बरं वाटलं, आमच्यापैकी कितीतरी जणी तिथेच रडायला लागल्या. एसटी डेपोच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून आयुष्य काढलेल्या, कुठल्याही संघटनेत पद न घेतलेल्या माणसाचं नाव सरकारी गेटवर लागणार ही साधी गोष्ट नाही. त्याबद्दल सगळ्या माजी खेळाडूंच्या वतीने मनापासून आभार. पण सभा संपल्यावर आम्ही जुन्या बॅचवाल्या पाण्याच्या टाकीजवळ बोलत उभ्या होतो आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता की उद्या सकाळी मैदानाला पाणी कोण मारणार. तुमच्या जाहीर केलेल्या यादीत ते कुठेच नव्हतं. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

आधी मैदानाचंच सांगते, कारण समितीतले बरेच सदस्य नवीन आहेत आणि त्यांना वाटत असेल की मागच्या बाजूचं खो-खोचं मैदान संकुलाबरोबरच झालं. तसं नाहीये. तिथे बांधकामाचा राडारोडा टाकलेला होता, विटांचे तुकडे, सळया, काय काय. अण्णांनी डेपोतल्या दोनचार मित्रांना आणि आमच्या आधीच्या बॅचच्या मुलांना हाताशी धरून तो हलवला, ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्याकडून माती आणवली, चाळून घेतली, आणि लोखंडी ड्रममध्ये काँक्रीट ओतून त्याचा रोलर बनवला, जो अजूनही तिथे भिंतीला टेकून उभा आहे. मेकॅनिकचा हात असल्यामुळे त्याला बेअरिंग वगैरे नीट बसवलेलं, आठवीतल्या दोन पोरी मिळून तो ओढू शकतात.

खो-खो बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की दोन खांब रोवले की झालं मैदान. पण 27 मीटर लांब, 16 मीटर रुंद, खांब जमिनीच्या वर 120 ते 125 सेंटिमीटर, मधल्या पाटीवर आठ चौक आणि प्रत्येक चौक 30 सेंटिमीटरचा, हे सगळं मापात असावं लागतं, कारण बसलेल्या मुलीची उठायची लय त्या चौकावर असते आणि चौक थोडा जरी सरकला तरी ती लय मोडते. अण्णांकडे एक नायलॉनची दोरी होती. तिला मापाप्रमाणे लाल कापडाच्या चिंध्या गाठ मारून बांधलेल्या. दोन्ही खांबांना ती ताणून बांधायची, जिथे चिंधी येईल तिथे चौक, मग फक्कीची पिशवी घेऊन रेषा मारत जायचं. टेप लागत नाही, मोठं माणूस लागत नाही, सहावीतली दोन पोरं सुद्धा शाळा भरायच्या आत मैदान आखून मोकळी. आणि ही दोरी बनवायची कशी हेही ते शिकवायचे, म्हणजे दोरी भिजवून, वाळवून, ताण देऊन मगच माप घ्यायचं, नाहीतर नंतर ती सैल पडून सगळी मापं चुकतात. तालुक्यातल्या कितीतरी शाळांत आज अशी दोरी आहे, ती अण्णांच्या पोरांनी बनवलेली आहे.

खांबांचं तर त्यांना वेडच होतं. खांबावर सूर मारताना, म्हणजे पोल डाइव्ह करताना, मुलगी एका हाताने खांब धरते आणि सगळं अंग पुढे झोकून देते. त्या क्षणी लाकडाची एक कूस जरी वर आलेली असेल तर तळहात फाटतो. म्हणून सीझन सुरू व्हायच्या आधी अण्णा पॉलिश पेपर घेऊन खांब घासायला बसायचे, घासून झालं की डोळे मिटून तळहात वरून खाली फिरवायचे, चारी बाजूंनी, आणि कुठे जरा जरी टोचलं की परत सुरू. हे कुणी बघत नव्हतं. आम्ही पण नुसत्या येता जाता बघायचो, कधी विचारलं तर म्हणायचे, तुमच्या आईने तुम्हाला दोन्ही हात नीट देऊन पाठवलंय ना, तसेच घरी जायला पाहिजेत.

प्रॅक्टिसच्या आधी सगळ्यांनी हातभर अंतर ठेवून एका ओळीत उभं राहायचं आणि मान खाली घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं, खडा, काच, खिळा, काय दिसेल ते उचलायचं. बहुतेक पोरं अनवाणीच खेळायची ना. त्या ओळीत स्टेट खेळून आलेली मुलगी पण असायची आणि कालच आलेला पाचवीतला पोरगा पण, सूट कुणालाच नाही, अण्णांना स्वतःलाही नाही, गुडघा दुखायला लागला तरी ते ओळीच्या कडेला चालायचेच.

आता मुलांबद्दल. आपल्याकडे खेळ शिकवणाऱ्याचं नाव निघालं की पहिला प्रश्न येतो की किती नॅशनल काढले. अण्णांच्या हाताखालून स्टेट खेळलेल्या मुली निघाल्या, नोकरीत खेळाडूंसाठी जे 5 टक्के आरक्षण आहे त्यातून भरती झालेले पण आहेत, त्यांचा आम्हाला अभिमान आहेच आणि शोकसभेत त्यांचा सत्कार झाला ते योग्यच झालं. पण मैदानावर रोज येणाऱ्यांत ते मूठभर होते, बाकीचे सगळे कधीच कुठे सिलेक्ट न झालेले. संघात बारा-पंधरा जण घेता येतात, मैदानावर मात्र त्याच्या तिप्पट पोरं असायची आणि अण्णांनी कुणालाच घरी पाठवलं नाही. त्यांची रजिस्टरं माईंनी (म्हणजे अण्णांच्या मिसेसनी) आम्हाला चाळायला दिली. प्रत्येक पानावर नावं आहेत, नावापुढे शेरे आहेत, पण "चांगला", "कच्चा" असलं काही एकदाही लिहिलेलं नाही. काय लिहिलंय तर, "डावा पाय आधी टाकते". "चष्मा, दोरी बांधून देणे". "घरचं पाणी भरून येते, उशीर चालेल". "वडील रागीट, घरी आपण जाऊन बोलणे". "खोकला, दोन दिवस पळवू नये". हे वाचल्यावर मला वाटतं दुसरं काही सांगायची गरजच नाही, पण तरी एक गोष्ट सांगते.

आमच्या बॅचला एक मुलगी होती, बोलायचीच नाही. वर्गात हजेरीला सुद्धा नुसता हात वर करायची. खो-खोमध्ये बसलेल्या मुलीला मागून नुसता हात लावून चालत नाही, हात लावून मोठ्याने "खो" म्हणावं लागतं, नाहीतर फाउल. ही हात लावायची आणि ओठ हलवायची, बस्स. आम्ही वैतागायचो, कारण तिच्यामुळे सारखा डाव थांबायचा. अण्णांनी तिला बाजूला घेऊन लेक्चर दिलं नाही आणि आम्हाला पण कुणाला हसू दिलं नाही. ते मैदानाच्या बाहेर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, तुझा खो मला ऐकू आला की मी हात वर करणार. पहिल्या दिवशी अगदी जवळ उभे होते. मग रोज एक एक पाऊल मागे. पावसाळा संपेपर्यंत ते टाकीपाशी पोचले होते आणि तिथून हात वर करत होते. ती पुढे काही मोठी खेळाडू झाली नाही, तालुक्याच्या पुढे एकदाच गेली, तिथे पहिल्याच मॅचला आम्ही हरलो. पण दहावीला ती वर्गात उभी राहून शंका विचारायला लागली होती, हे तिच्या बाईंनी स्वतः येऊन अण्णांना सांगितलं. ही गोष्ट कुठल्या प्रमाणपत्रावर येत नाही, म्हणून इथे लिहिली.

आणि कागदपत्रं! याच्याबद्दल तर कुणीच बोललं नाही सभेत. शालेय स्पर्धा म्हणजे 14, 17 आणि 19 वर्षांखालचे गट, मुलं वेगळी, मुली वेगळ्या, आधी तालुका मग जिल्हा मग विभाग मग राज्य. राज्यात आठ क्रीडा विभाग आहेत, प्रत्येकाचे संघ वर पोचेपर्यंत चाळणीवर चाळणी लागते. पण आमच्यासारख्या गावातली पोरं त्या चाळणीच्या आधीच गळतात, आणि ती खेळात कमी पडून नाही, कागदात कमी पडून गळतात. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. बोनाफाइडवर मुख्याध्यापकांची सही राहिलेली. ऑनलाइन एन्ट्रीची शेवटची तारीख उलटून गेलेली. मुलगी वर्षभर पळते आणि टेबलावरूनच परत पाठवली जाते, तिचं तोंड तेव्हा ज्याने बघितलंय त्यालाच कळेल मी काय म्हणतेय. अण्णा प्रत्येक पोराची प्लास्टिकची फाइल करायचे, मे महिन्यातच, सुट्टीत. दाखल्यातली चूक दिसली की स्वतः पालकांना घेऊन ग्रामपंचायतीत नाहीतर तहसीलला जायचे, दिवसपाळी असेल तर ड्युटी बदलून घ्यायचे. शाळांमधले सर लोक पण त्यांनाच फोन करायचे की अण्णा, तारीख कधी आहे, फॉर्म कुठला भरायचा. म्हणजे शाळांचं काम पण गेटबाहेरचा एक माणूस करत होता, फुकट.

मुलींच्या बाबतीत तर माईंचं नाव अण्णांच्या बरोबरीने घ्यायला हवं. बाहेरगावी मॅच असली की मुलींबरोबर बाई पाहिजेच असा अण्णांचा नियम होता, शाळेने मॅडम दिल्या तर ठीक, नाही दिल्या तर माई. पहाटेची एसटी, परतायला रात्र, दोन दोन दिवस मुक्काम. माईंना खो-खोचे नियम आजही नीट सांगता येणार नाहीत, पण कुठल्या मुलीची पाळी कधी येते, कुणाला गाडी लागते, कुणाच्या घरी फोन करून पोचल्याचं कळवायचं हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. माझ्या आईने मला जिल्ह्याला पाठवलं ते माई होत्या म्हणूनच. अशा किती घरांनी पाठवलं असेल. सभेत माईंना शाल-श्रीफळ दिलंत, पण स्टेजवरच्या एकाही भाषणात त्यांच्या या कामाचा उल्लेख आला नाही, याचं मला वाईट वाटलं.

कुणी म्हणेल की भावनेच्या भरात चाललंय सगळं, एका गावातल्या एका माणसाची गोष्ट आहे. पण आपले मराठी मातीतले खेळ उभेच असे राहिलेत. खो-खोला पहिल्यांदा नियमात बसवलं ते पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने, 1914 च्या सुमारास, ते काही सरकारी खातं नव्हतं, हौशी लोकांची संस्था होती. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आली. कबड्डीला गल्लीतून उचलून देशभर नेण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्या शंकरराव उर्फ बुवा साळवींचा जन्मदिवस, 15 जुलै, आपण कबड्डी दिन म्हणून पाळतो, आणि 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी आली त्याच्या मागे अशाच कार्यकर्त्यांनी घासलेली कितीतरी वर्षं आहेत. खाशाबा जाधवांचं नाव तर आपण सगळेच घेतो, 1952, हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, त्यांचा जन्मदिवस 15 जानेवारी हा आता राज्य क्रीडा दिन आहे. पण हेलसिंकीला जायचे पैसे कुठून आले होते? गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. खर्डेकर सर कधी आखाड्यात उतरले नव्हते. तरी त्यांच्याशिवाय ते पदक नाही.

19 जानेवारी 2025 ला दिल्लीत पहिल्या खो-खो वर्ल्ड कपची फायनल झाली तेव्हा अण्णा मैदानावरच होते. मुलींनी नेपाळला 78-40 ने हरवलं, मुलांनी 54-36 ने, दोन्ही टीमचे कॅप्टन आपल्या महाराष्ट्रातले, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. कुणाच्या तरी मोबाइलवर सगळी पोरं डोकी एकत्र करून बघत होती आणि अण्णा मध्येच व्हिडिओ थांबवून दाखवत होते की बघ बघ, खो मिळायच्या आधी तिचा पाय कसा तयार आहे बघ. जिंकल्याचा आनंद होताच, पण त्यांचं लक्ष त्या पायावर होतं.

आता मुद्द्यावर येते, आणि हे जरा स्पष्ट लिहिते, राग मानू नका. अण्णांच्या निष्ठेचं आपण सगळ्यांनी खूप कौतुक केलं, इतकी वर्षं केलं, आणि त्या कौतुकाच्या आड एक गोष्ट झाकली गेली की अण्णा जे करत होते ते खरं तर कुणाचं तरी नेमून दिलेलं काम असायला हवं होतं. शिक्षण हक्क कायदा 2009 बघा, त्यात सहावी ते आठवीच्या शाळेत मुलं शंभरच्या वर असतील तर आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक असावा असं लिहिलंय. म्हणजे शंभरच्या आतल्या शाळेला तर तेवढीही सोय नाही, आणि आपल्या तालुक्यात वाड्यावस्त्यांवरच्या शाळा किती लहान आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. त्या शाळांतली पोरं पायी, सायकलवर अण्णांकडे यायची. मैदानाची देखभाल, शिकवणं, कागदपत्रं, पालकांशी बोलणं, प्रवासात सोबत, जखम झाली तर दवाखाना, एवढी सगळी कामं एकाच माणसाच्या खांद्यावर होती आणि ती होतायत म्हणून कुणी विचारलंच नाही की हे नसले तर काय. त्यांच्या गुडघ्याचं दुखणं वाढल्यावर सुद्धा मदतीला कुणी द्या असं त्यांनी तोंडाने कधी म्हटलं नाही, पण म्हणायला लागायलाच नको होतं ना. सेवाभावी माणूस थकत नाही असं आपण धरून चालतो आणि मग तो थकलेला आपल्याला दिसतच नाही. परत दुसरा अण्णा शोधून त्याच्या डोक्यावर एवढंच ओझं द्यायचं असेल तर माझा त्याला विरोध आहे.

दुसरं एक, जे बोलायला लोक कचरतात. अण्णांवर सगळ्यांचा डोळे झाकून विश्वास होता आणि त्यांनी तो आयुष्यभर सार्थ केला. पण उद्या जो कुणी येईल तो अण्णांसारखाच असेल हे कशावरून? लहान मुलं-मुली पहाटे अंधारात ज्याच्या भरवशावर येतात त्याची काहीतरी चौकशी व्हायला नको का? पोक्सो कायदा 2012 पासून आहे, मुलांच्या सुरक्षेबद्दल आता सगळीकडे बोललं जातं, पण गावातल्या मैदानावर कुणी स्वयंसेवक म्हणून उभा राहिला की आपण फक्त त्याचे आभार मानतो. पोलीस व्हेरिफिकेशन करा, मैदानावर कायम दोन मोठी माणसं असतील असा नियम करा, त्यातली एक बाई असू दे, तक्रार कुणाकडे करायची तो नंबर भिंतीवर रंगवा. अण्णा असते तर त्यांनी पहिला फॉर्म स्वतःचा भरला असता. मुलींबरोबर बाई नसेल तर टीम नेणार नाही असं ते तालुक्याच्या स्पर्धेलाही सांगायचे, एकदा तर त्यांनी या कारणासाठी बस सोडून दिली होती आणि पुढची बस पकडून माईंना घेऊन गेले होते, पहिल्या मॅचला जेमतेम पोचले.

तर आमची मागणी काय आहे. सगळ्यात आधी ठराव करून लिहून ठेवा की मागचं मातीचं मैदान खो-खोसाठीच राहील, तिथे पार्किंग होणार नाही, बॉक्स क्रिकेटचं टर्फ टाकून ते भाड्याने दिलं जाणार नाही, लग्नाचा मांडव पडणार नाही, आणि सकाळ-संध्याकाळची प्रॅक्टिसची वेळ मुलांसाठी फुकट असेल. टर्फची चर्चा चालू आहे हे आमच्या कानावर आलंय म्हणून मुद्दाम लिहितेय. संकुलाला उत्पन्न पाहिजे हे आम्हाला कळतं, लाइटबिल, वॉचमन, सगळा खर्च असतो, पण बाकी जागा भरपूर आहे, हीच जागा कशाला? अण्णांचं नाव गेटवर आणि आतमध्ये त्यांचं मैदान टर्फखाली, हे आम्हाला सहन होणार नाही.

मग माणसं. मानधनावर दोन जण नेमा, एक पुरुष, एक बाई, पंच परीक्षा पास झालेले आपल्याच तालुक्यात आहेत, अण्णांच्याच हाताखाली तयार झालेले. मानधन द्याच, प्लीज याला सेवा म्हणून सोडून देऊ नका, कारण फुकट काम करणारा माणूस आजारी पडला, नोकरी बदलली, घरात अडचण आली की मैदान बंद पडतं आणि त्याला कुणी जाब पण विचारू शकत नाही. कागदपत्रांसाठी जूनपासून आठवड्यातला एक दिवस संकुलाच्या ऑफिसात एक टेबल लावा, तिथे आम्ही माजी खेळाडू पाळीपाळीने बसायला तयार आहोत, आमच्यात बँकेत काम करणाऱ्या आहेत, महा ई-सेवा केंद्र चालवणारी एक आहे, शिक्षिका आहेत. फक्त शाळांना तुमच्याकडून पत्र जाऊ दे की यांच्याकडे या, नाहीतर आम्हाला कोण विचारणार. मुलींसाठी कडी लागणारं, पाणी असणारं स्वच्छतागृह मैदानाजवळ पाहिजे, आत्ता आहे ते पुढच्या बाजूला आहे आणि संध्याकाळी सहानंतर त्याला कुलूप असतं. हे इतक्या वेळा सांगून झालंय की परत लिहिताना पण लाज वाटते. टाकीच्या बाजूला एक दिवा. फर्स्ट एडची पेटी, आणि ती उघडता येणारा माणूस.

स्पर्धेबद्दल. राज्यस्तरीय निमंत्रित स्पर्धेला आमचा विरोध नाही, मॅटलाही नाही. वर्ल्ड कप मॅटवर झाला, मोठ्या स्पर्धा मॅटवर होतायत, पुढे जाणाऱ्या पोरांना मॅटची सवय लागायलाच हवी, अण्णा पण तेच म्हणायचे. पण पहिल्या वर्षी ती नको. मोठे संघ येतील, दोन दिवस गर्दी होईल, फोटो येतील आणि आपल्या तालुक्यातली पोरं खुर्च्या उचलायला आणि पाणी वाटायला राहतील. त्याऐवजी पहिल्या वर्षी तालुक्यातल्या सगळ्या शाळांची 14 वर्षांखालची स्पर्धा घ्या, मातीवर, आपल्याच मैदानावर, आणि अट अशी ठेवा की प्रत्येक शाळेने दोन संघ आणायचे, एक नेहमीचा आणि एक ज्यांना एरवी कुणी घेत नाही त्यांचा. बक्षीस म्हणून रोख रक्कम न देता जिंकणाऱ्या आणि हरणाऱ्या, सगळ्याच मुलांच्या जिल्ह्यापर्यंतच्या प्रवासाची सोय त्यातून करा. मैदान आखायचं काम मुलांकडेच द्या, दोरीने. उद्घाटनाची भाषणं थोडी कमी ठेवलीत तर मॅचेस उन्हाच्या आत उरकतील, हे अण्णा दर स्पर्धेला आयोजकांना हात जोडून सांगायचे आणि दर स्पर्धेला लहान पोरं बाराच्या उन्हात अनवाणी पळायची.

गेटवर नाव लावाल तेव्हा त्यांच्या नावाबरोबर माईंचंही नाव असावं असं आम्हाला सगळ्यांना वाटतं. माईंना आम्ही विचारलं नाही, विचारलं तर त्या नको म्हणतील हे माहिती आहे.

सध्या मैदान आम्हीच सांभाळतोय. सकाळी दोघी जणी येतात, संध्याकाळी जुन्या बॅचची मुलं, पाणी मारलं जातंय, खडे वेचले जातायत, प्रॅक्टिस एक दिवसही बंद पडलेली नाही. पण आमच्या नोकऱ्या आहेत, लहान मुलं आहेत, दोघांची बदली होऊ घातलीये, आणि हे असं किती दिवस रेटता येईल याची मला खात्री नाही, म्हणून हे सगळं आत्ताच सांगतेय. शालेय स्पर्धांच्या ऑनलाइन एन्ट्र्या सुरू व्हायच्या आधी समितीची एक बैठक लावा आणि आमच्यातल्या दोघी-तिघींना बोलवा. या वर्षीच्या मुलांच्या फाइली अण्णांनी जिथपर्यंत केल्या होत्या त्याच्या पुढे आम्ही लावायला घेतल्यात, बऱ्याच जणांचे जन्मदाखले अजून दुरुस्त व्हायचे आहेत आणि त्यासाठी शाळांना तुमचं पत्र जाणं गरजेचं आहे. सगळी रजिस्टरं आणि फाइली घेऊन आम्ही येतो, तारीख तेवढी कळवा.

आपली,
अण्णांच्या मैदानावर खेळलेली एक माजी खेळाडू,
सगळ्या जुन्या-नव्या बॅचेसच्या वतीने